काळजी वाटू नये म्हणून लपवू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

"कामात व्यत्यय नको म्हणून कळवलं नाही," असं तुम्ही नेहमी म्हणता. त्यामागची माया समजते. पण कामाचं नुकसान नेमकं कशाने होतं, ते फोनवर सांगायचं राहूनच जातं, म्हणून लिहिते आहे.

माणसाला एका वेळी डोक्यात साधारण चारच गोष्टी धरून ठेवता येतात. हिशेब तपासताना आधीचा आकडा, आताचा आकडा, त्यांतला फरक आणि त्या फरकाचं कारण, एवढ्यानेच चारही खण भरतात. त्यात "बाबांचा आवाज आज बसका का होता?" ही शंका शिरली की एक खण गेला. मग तीच ओळ तीनदा वाचावी लागते, ३ चा ८ होतो, फाइल न जोडताच ईमेल जाते.

म्हणून अर्धवट बातमी सगळ्यात महागात पडते. "उपाशीपोटी साखर १८० आली, गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय, सोबत शेजारच्या काकू आहेत, तुला आत्ता काही करायला नको," एवढं कळलं की मन ते बाजूला ठेवू शकतं. "काही नाही गं, नंतर बोलू," हे मात्र दिवसभर कुरतडत राहतं. तेव्हा काय झालं, आकडा किती, सोबत कोण आणि माझ्याकडून काय, कधीपर्यंत हवं, हे मेसेजमध्ये असू द्या. काहीच नको असेल तर तेही लिहा. लागोपाठ दोन फोन म्हणजे तातडीचं, मीटिंगमधूनही उचलायचा. एकच मिस्ड कॉल म्हणजे सवडीने. हे ठरलेलं असलं की फोन वाजल्यावर छातीत धस्स होत नाही.

अबोल्याचंही तसंच. घरात अबोला असला की ऑफिसात कुणी साधं "झालं का?" विचारलं तरी तो टोमणा वाटतो आणि उत्तर तिरकं जातं. भांडण लगेच मिटलं नाही तरी चालेल, पण "रविवारी अकराला यावर बोलू" एवढं ठरवून टाकावं. वेळ ठरली की मन त्या विषयाची राखण सोडतं. फक्त ते बोलणं झोपायच्या आधी नको. सकाळी ६ ला उठलेल्या माणसाचं लक्ष रात्री ११ ला, म्हणजे सलग १७ तास जागल्यावर, रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखं मंदावतं. त्यात वाद घालून रात्रीची ७ तासांची झोप ५ वर आली, तर दुसरा दिवसही गेलाच.

अजून एक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या 'बर्नआउट'ची तीन लक्षणं नोंदवली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना. ज्याचं त्याला हे उशिरा कळतं, आवाज ओळखणाऱ्यांना आधी. उत्तरं एका शब्दाची झाली, "काय उपयोग" वारंवार यायला लागलं, तर "सगळ्यांनाच असतं" म्हणू नका. "नोकरी सोड" तर नकोच. "झोप किती झाली? कुठलं काम पुढे ढकलता येईल?" एवढंच विचारा.

या आठवड्यात दोघांच्या औषधांची नावं, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायचं आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. एक प्रत फ्रिजवर लावा, तिचा फोटो मला पाठवा.

तुमची,
लेक