‘यांना कमी काय पडतं?’ या प्रश्नाबद्दल भूगोलाच्या बाईंचे जाहीर आभार

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

‘झिरो ए. डी.’ या मोफत आणि खुल्या खेळासाठी केलेला आमचा मॉड (मूळ खेळात घातलेली आपली भर) आता खेळण्याजोगा झाला आहे. त्यात तीन कल्पित राज्यं आहेत: सडेकर, धावेकर आणि फिरस्ते. तिन्ही तुमच्या एका प्रश्नातून उगवली, म्हणून हे पत्र जाहीर लिहीत आहोत. दुसऱ्या कुणाला असं राज्य घडवायचं असेल तर तुमची रीत त्यांच्याही हाती पडावी, म्हणून आकडेही यात घातले आहेत.

पहिल्या कच्च्या कागदावर राजवाडा होता, निशाण होतं, तीन शूर नायक होते आणि वीस तऱ्हेचे सैनिक होते. तुम्ही समासात तांबड्या शाईने एवढंच लिहिलंत: ‘यांना कमी काय पडतं?’ त्या ओळीने कागद उलटा झाला. राज्याची ओळख त्याच्या वैभवापेक्षा टंचाईत जास्त असते. पाणी नसेल तर विहीर येते, विहिरीमागे बैल, बैलांमागे वैरण, आणि वैरणीसाठी शेजाऱ्याशी तह किंवा तंटा. निशाण सगळ्यात शेवटी काढलं तरी चालतं.

नकाशाही तुम्हीच सरळ केलात. त्यात एक नदी खाली वाहत जाताना दोन फाटे होऊन वेगळी होत होती. नद्या मिळतात, मैदानात येऊन अशा सहसा फुटत नाहीत, हे सांगताना तुम्ही आपल्याच जिल्ह्याचा नकाशा पुढे ठेवलात: माहुलीला कृष्णा आणि वेण्णा, कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना, आणि तीही समोरासमोर येऊन भिडलेली. मग पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माणमध्ये पाचशेच्या आसपास. डोंगर पश्चिमेच्या वाऱ्याला आडवा आला की पलीकडची बाजू कोरडी राहते. कल्पित जगातही वारा कुठून येतो हे आधी ठरवायचं, डोंगर मग काढायचे आणि वाळवंट सगळ्यात शेवटी. आमच्या नकाशात वाळवंट वाऱ्याच्या तोंडावरच बसलं होतं. तीन राज्यांच्या जागा त्या दुरुस्तीतून आपोआप ठरल्या.

सडेकर कासच्या सड्यावरून सुचले. जांभ्याचा कातळ, त्यावर बोटभर माती, चार महिने पाणी साचलेलं आणि उरलेले महिने कोरडं. तिथे मोठं झाड धरत नाही. म्हणजे टंचाई लाकडाची आणि मुबलकता दगडाची. खेळात अन्न, लाकूड, दगड आणि धातू अशी चारच साधनं असल्यामुळे हे आकड्यात उतरवणं सोपं वाटतं, आणि तिथेच पहिला खड्डा आहे. मूळ घराला १५० लाकूड लागतं. सडेकरांच्या घराच्या फाइलमध्ये नुसतं ‘दगड १५०’ लिहिलं, तर मूळ साच्यातलं (ही फाइल ज्या मूळ फाइलवर बेतलेली असते तिच्यातलं) लाकूड तसंच वारशाने खाली येतं आणि घराला १५० लाकूड अधिक १५० दगड पडतात. लाकडासमोर शून्य स्पष्ट लिहावं लागतं.

दुसरा खड्डा त्याहून खोल. सुरुवातीला प्रत्येक साधन ३०० असेल तर दगडाची दोन घरं बांधली की दगड संपला. संगणकाचा खेळाडू पेत्रा पहिल्या मिनिटांत अन्न आणि लाकडाच्याच मागे असतो, त्यामुळे सडेकर त्याच्या हातात दिले की वस्ती घरांवाचून अडकते. शेवटी घर ५० लाकूड आणि ७५ दगडांवर आणलं. टंचाई खेळाडूला बोचली पाहिजे, पण तिने पहिल्या पाच मिनिटांत त्याचा गळा धरता कामा नये.

‘कल्पित म्हणता, मग यात अशक्य काय आहे?’ हेही तुम्हीच विचारलंत आणि पुढे जोडलंत की एका राज्याला एकच अशक्य गोष्ट द्या, पण तिचे सगळे परिणाम निस्तरा. जांभा सच्छिद्र असतो. सडेकरांचा जांभा पावसाळ्यात प्यालेलं पाणी उन्हाळ्यात परत देतो. हे एकदा मान्य केलं की त्यांची तटबंदी म्हणजे पाण्याचा साठा होते. मग वेढा घालणारा भिंत फोडेल तो आत शिरायला आणि प्यायलाही. म्हणून त्यांच्या भिंतीच्या साच्यात लूट या घटकाखाली अन्न लिहिलं: भिंत पाडणाऱ्याला अन्न मिळतं. ताकद आणि कमजोरी एकाच दगडात आली. हा आकडा लहान ठेवावा लागतो, भिंतीच्या एका तुकड्याला ५ ते १०. जास्त ठेवला तर शत्रू शेती सोडून भिंतीच खात बसतो.

धावेकरांसाठी तुम्ही लिंबची बारा मोटांची विहीर नेमून दिलीत. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधलेली, आत दालनं असलेली. आमचं सगळं लक्ष त्या दालनांवर होतं. तुम्ही धावेकडे बोट दाखवलंत. बैल धावेच्या उताराला चालत जातात तेव्हा नाडा ताणला जातो, मोट वर येते आणि थारोळ्यात रिकामी होते; बैल उलटे सरकत वर आले की मोट पुन्हा खाली. एका मोटेला एक जोडी धरली तर बारा मोटांना चोवीस बैल. ते खातात काय?

या हिशेबामुळे विहीर नुसती शोभेची इमारत राहिली नाही. तिच्या आसपासच्या शेतात धान्य जास्त पिकतं, पण ती उभी आहे तोवर साठ्यातून अन्न कमी होत राहतं. खेळात यासाठी अपकीप नावाचा घटक आहे: दर आणि मध्यंतर. मध्यंतर मिलिसेकंदात लिहायचं असतं, म्हणजे एका सेकंदाला १०००. तिथे १ लिहिलं की बैल हजारपट खायला लागतात आणि कोठार डोळ्यांदेखत रिकामं होतं. दर ठरवताना आधी विहिरीशिवाय पाच माणसांच्या एका शेतातून मिनिटाला किती धान्य येतं ते घड्याळ लावून मोजावं. विहिरीचा खर्च एका शेताच्या वाढीव उत्पन्नापेक्षा जास्त आणि तीन शेतांच्या वाढीपेक्षा कमी ठेवला. म्हणजे एकट्या शेताशेजारी विहीर बांधणं तोट्याचं, आणि वस्ती दाट झाली की फायद्याचं.

फिरस्त्यांकडे शेतच नाही. माणदेशात रानात मेंढ्या बसवतात, खत पडतं आणि बदल्यात शेतकरी धान्य देतो, ही देवघेव तुम्ही सांगितलीत. तीच त्यांचा पाया झाली. त्यांच्या मेंढ्यांच्या वाड्याला प्रभावक्षेत्र दिलं आहे: त्रिज्या ४० मीटर, धान्य गोळा करण्याचा वेग १.१ पट, आणि तो मित्रराज्यालाही लागू. मित्राचा उल्लेख फाइलमध्ये वेगळा करावा लागतो, नाहीतर प्रभाव फक्त स्वतःच्या माणसांवर पडतो आणि ज्यांच्याकडे शेतच नाही त्यांना तो काडीच्या कामाचा नाही. शेत काढून टाकताना बांधकामाच्या यादीत नावाआधी वजाचं चिन्ह लावायचं. नाव मात्र मूळ साच्यात आहे तसंच, कंसातल्या ‘सिव्ह’ या शब्दासकट लिहायचं. तिथे आपल्या राज्याचं नाव घातलं तर शेत यादीतून जात नाही, फक्त लॉगमध्ये, म्हणजे खेळाच्या नोंदींच्या फाइलमध्ये, इशारा उमटतो.

शेत नाही म्हणून ते मांसावर जगतात, आणि मांस सगळ्यात झपाट्याने घोडेस्वार गोळा करतात. पण भालाईत घोडेस्वाराला तिप्पट मारतो. म्हणजे फिरस्त्यांचं पोट आणि सैन्य दोन्ही एकाच भाल्यासमोर उभं. तोल सावरायला गोफणवाले दिले. गोफणवाल्याला दगड लागतो आणि दगड सडेकरांकडे. दोन राज्यांमधला व्यापार कुणी कथा न लिहिता तयार झाला, बाई. हे आम्हाला फार आवडलं.

नावांबद्दल तुमचा सगळ्यात जास्त धाक होता आणि तो योग्यच होता. पिंपोडे खुर्द आणि पिंपोडे बुद्रुक ही जोडी दाखवून तुम्ही सांगितलंत की खुर्द म्हणजे लहान, बुद्रुक म्हणजे मोठं, आणि हे शब्द फारसीतून आले. ज्या कल्पित राज्याचा परक्या दरबाराशी कधी संबंधच आला नाही, त्याच्या गावाला बुद्रुक लावणं म्हणजे न लिहिलेला इतिहास चिकटवणं. म्हणून प्रत्येक राज्याला ध्वनीचे नियम केले. सडेकरांच्या बोलीत महाप्राण नाहीत: ख, घ, थ, ध, भ अशी अक्षरं वर्ज्य. (‘सडेकर’ आणि ‘धावेकर’ ही नावं शेजाऱ्यांनी ठेवलेली धरली आहेत, आपली मराठीतली.) गावाच्या शेवटी दोनच प्रत्यय, एक पाण्यापाशी वसलेल्या गावाला आणि एक कातळावरच्या. अशी वीस नावं केली की एकविसावं आपोआप सुचतं. जिवंत समाजाचं नाव आणि लोक ज्याला नवस बोलतात तो देव खेळात आणायचा नाही, हाही तुमचाच नियम. कामाची रीत घ्या, माणसांची ओळख उचलू नका, असं तुम्ही म्हणालात.

बाकी अडचणी संगणकाच्या आहेत, पण ज्यांना हे करायचं आहे त्यांचे तास वाचतील. फाइलच्या नावात सगळी अक्षरं लहान ठेवा. विंडोजवर मोठं-लहान चालून जातं, लिनक्सवर तीच फाइल सापडत नाही. सैनिकाच्या फाइलचं नाव चुकलं तर खेळ तक्रार करत नाही, बराकीत त्याचं बटणच दिसत नाही. इमारतीच्या चित्रातला अल्फा चॅनल (रंगांसोबतचा पारदर्शकतेचा थर) जपून ठेवा. संघाचा रंग त्यातून येतो आणि तो गेला की सगळ्यांचे वाडे एकाच रंगाचे. राज्याची माहिती असलेल्या जेसन फाइलमध्ये शेवटच्या ओळीनंतर स्वल्पविराम राहिला की अख्खं राज्य यादीतून गायब होतं. आणि एकत्र खेळताना सगळ्यांकडे मॉडची तीच आवृत्ती हवी.

तोल तपासायची तुमची प्रयोगवही तशीच वापरतो. नकाशा तोच, सुरुवातीची साधनं तीच, समोर पेत्रा त्याच पातळीवर, दहा मिनिटं. दर दोन मिनिटांनी चारही साधनं आणि लोकसंख्या टिपायची. एका वेळी एकच आकडा बदलायचा, आणि प्रत्येक बदल तीनदा खेळून बघायचा. दोन आकडे एकदम बदललेल्या पानांवर तुम्ही आडवी रेघ मारून ‘पुन्हा’ लिहिलं होतंत. ती पानं खरोखर पुन्हा केली.

सोबत चौथ्या राज्याचा नकाशा जोडला आहे. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तशा संगमावरचं, नावाड्यांचं. त्यांच्याकडे पाणी आहे, गाळाची माती आहे, झाडी आहे. बाकी टंचाई आम्ही धातूची लिहिली आहे, पण पुरात दरवर्षी घर जात असेल तर खरी टंचाई उंच जागेची असावी, असंही वाटतं. उंच जागेची किंमत खेळात कशी मोजायची ते अजून उलगडलेलं नाही. समास मोठा सोडला आहे. तांबडी शाई तुमची.

आपले कृतज्ञ,
मॉड करणारे तुमचे विद्यार्थी
सातारा