आधी टिपऱ्यांच्या घरी घेऊन जा

वडगाव, बेळगाव

चि. सौ. सोनू हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे कळल्यावर बाबांनी लगेच देवापुढं साखर ठेवली. आता महिना-दीड महिना त्यांना घरात बसून काढायचाय. दिवसभर त्याच त्या रडक्या मालिका बघून त्या विटल्यात, म्हणून आपलं एखादं मराठी, हसवणारं दाखवू का, असं तू विचारलंस. त्या कानडी, बैलहोंगलात राहूनही त्यांना मराठी चांगलं कळतं, पण मराठी विनोद कळेल का, ही तुझी शंका. हल्लीच्या विनोदी कार्यक्रमांची दोन-तीन नावंही तू सुचवलीस.

माझं उत्तर एकच आहे. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही जुनी मालिका लाव. मोबाइलवर सगळं सापडतं आता, टीव्हीला जोडायचं तुला येतंच.

तू सुचवलेले कार्यक्रम मीही बघते, आणि ती मुलं फार जीव तोडून काम करतात. पण तिथं हसू वाक्यात असतं. दहा मिनिटांचं प्रहसन संपलं की ते पात्रही संपलं. पुढच्या आठवड्यात तोच नट वेगळ्या कपड्यांत, वेगळ्या नावानं येतो. अशा माणसाला दाद देता येते, त्याची वाट बघता येत नाही. आजारपणात माणसाला वाट बघायला कोणीतरी हवं असतं. टिपऱ्यांच्या घरात आजोबा म्हणजे आबा, त्यांचा मुलगा शेखर, सून श्यामला आणि नातवंडं शिऱ्या आणि शलाका आहेत, आणि ते काल होते तसेच आजही तिथंच भेटतात.

हे मला पहिल्यांदा कळलं ते खरं तर हिंदीत. तुझ्या जन्माच्या आधी, केबल यायच्या आधी, आपल्याकडं दिल्लीचंच लागायचं. १९८४ साली 'ये जो है जिंदगी' सुरू झालं. सतीश शहा दर भागात नवीन सोंग घेऊन यायचे, आणि आज ते कोण होऊन येणार याची आम्हाला केवढी उत्सुकता. पण शेजारणींशी दुसऱ्या दिवशी बोलणं व्हायचं ते त्या घरातल्या रेणू-रणजित या नवरा-बायकोचं, रेणूच्या भावाचं, त्या राजाचं. पाहुणा हसवून जायचा, जीव घरातल्या माणसांवर जडायचा. रोज बदलणारं कोणीतरी लागतंच, पण न बदलणारं घर असल्याशिवाय त्याची मजा येत नाही.

मराठी मालिका आपल्या गल्लीत आल्या त्या केबलवाल्याबरोबर. त्याआधी मुंबई दूरदर्शनवर काय काय गाजतंय ते आम्ही पुण्याच्या पाहुण्यांकडून नुसतं ऐकायचो. १९७०च्या दशकाच्या शेवटी तिकडं 'चिमणराव' लागायचं, आणि चि. वि. जोश्यांच्या त्या गोष्टी आम्ही वाचनालयातून आणून फाटेस्तोवर वाचलेल्या, तरी पडद्यावरचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ मला फार उशिरा बघायला मिळाले. २००१ मध्ये 'टिपरे' आलं, तेव्हाच्या अल्फा मराठीवर, म्हणजे आताच्या झी मराठीवर. तू तेव्हा शाळेत. समोरच्या घरातले माग सुरू असायचे आणि त्या खटखटाटात संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवायचा, तो मामंजी आणखी वाढवायला लावायचे.

आबांचं काम करणारे दिलीप प्रभावळकर १९४४ सालचे, म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा साठीही उलटली नव्हती त्यांची. आणि वठवायचे नातवंडांचे आजोबा. कितीतरी वर्षांमागं चिमणराव झालेला तोच माणूस. तुला आठवतंय का, तू 'झपाटलेला'मधल्या तात्या विंचूला घाबरून रात्री दिवा चालू ठेवायला लावायचीस? तात्या विंचू आणि आबा एकच, असं बाबांनी सांगितल्यावर तू रडकुंडीला आलीस आणि 'खोटं!' म्हणून ओरडलीस. तुझं बरोबरच होतं. आबांवर इतका विश्वास बसला होता तुझा, की त्या तोंडातून दुसरं काही निघू शकतं हे तुला सहन होईना. नट मोठा असतो तो इथं.

तरी नुसत्या नटामुळं माणसं जीव लावत नाहीत. मी यावर बराच विचार केलाय, कारण हसवणाऱ्या कितीतरी गोष्टी मी बघितल्या आणि विसरले. टिपरे विसरत नाहीत. का?

मालिका आली प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून. ती आधी वर्तमानपत्रातलं सदर, मग पुस्तक. अनुदिनी म्हणजे रोजनिशी. रोजनिशी लिहिणारा माणूस लक्ष देणारा असावाच लागतो, आणि माझ्या मते सगळी मोहिनी तिथून सुरू होते. घरातला निवृत्त म्हातारा, ज्याला कोणी काही विचारलं नाही तरी दिवस जातो, तोच सगळ्यांना बघत असतो. सून कशानं गप्प झाली, मुलगा ऑफिसातून कसा परत आला, नातवाचं मन कुठं अडकलंय, नात कोणाशी फोनवर बोलते. हे बघणं पहारेकऱ्याचं नाही. त्यांना त्या माणसांत रस आहे. आणि कोणीतरी आपल्यात रस घेतंय हे बघायला आपल्याला किती आवडतं! पडद्यावर दुसऱ्याच कोणाच्यात घेतला तरी आवडतं.

आता दुसऱ्या मालिकांमधले म्हातारे आठव. एक तर भिंतीवरच्या हारातून आशीर्वाद देणारे, नाहीतर खोकत खोकत उपदेश करणारे. आबांना अजून काहीतरी हवं असतं. नातवंडांच्या गप्पांत जागा हवी असते, नवीन शब्द, नवीन खुळं समजून घ्यायची असतात, आणि कोणी आपल्याला वगळलं तर ते रुसतात. ज्याला काही हवंय तोच माणूस जिवंत वाटतो. रुसलेला आजोबा बघून आपण हसतो, पण त्या हसण्यात त्यांची किंमत कमी होत नाही.

इथंच केदार शिंदेंच्या दिग्दर्शनाचं आणि मालिकेच्या लिखाणाचं मला फार कौतुक वाटतं. त्या घरात हसण्यासाठी ठेवलेलं असं एकही माणूस नाही. प्रत्येकावर हसायची पाळी येते, आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्याचंच खरं ठरतं. श्यामला बघ. शुभांगी गोखले ती धांदल, तो भाबडेपणा, ते पटकन भडकणं आणि तितकंच पटकन विरघळणं काय करतात! स्वयंपाकघरातली बाई म्हणून तिच्यावर विनोद करणं सगळ्यात सोपं होतं. पण ती चिडते तेव्हा मला कायम वाटायचं, बरोबर आहे बाई तुझं, चिड. चार माणसांचं करताना आपलं काय राहून गेलं हे तिच्या चेहऱ्यावर एखाद्या क्षणापुरतं दिसतं आणि पुन्हा ती भाजीकडं वळते. तो क्षण तुझ्या सासूबाईंना कोणी समजावून सांगावा लागणार नाही.

शेखरचं काम राजन भिश्यांचं. ते नेपथ्यकार म्हणूनही मोठं नाव आहे. मला वाटतं घरात माणूस कुठं उभा राहतो, कुठं बसतो, हे त्यांना आतून कळतं. वर वडील, खाली वयात आलेला मुलगा, मधे आपण, आणि दोघांनाही आपलं ऐकायचं नाही! तुझे बाबा शेखरकडं बघून हसायचे आणि मग जरा वेळ बोलायचेच नाहीत. शिऱ्या आणि शलाका, विकास कदम आणि रेश्मा नाईक, यांच्याबद्दल तू माझ्यापेक्षा जास्त सांगशील. तुम्ही भावंडं त्यांच्यासारखीच भांडायचात.

अक्का आठवतात ना, आपल्या भिंतीला भिंत असलेल्या? त्यांच्याकडं ई टीव्ही कन्नडवर 'पापा पांडू' लागायचं आणि त्या मला हाक मारायच्या, 'बर्री, बर्री!', या, या. पांडू आणि त्याची श्रीमती. ती उठसूट हात उगारायची, त्याची कायम पळापळ. टिपऱ्यांच्या मानानं ते फार मोठ्यानं, फार भडक होतं, पण मी खदखदून हसायचे. सगळं कन्नड कळायचं असं नाही. पांडूचा चेहरा कळायचा. एवढा मार खाऊन तो बिचारा संध्याकाळी घरीच येतो, आणि तीही त्याच्याशिवाय राहत नाही, हे कळायचं. मग टिपरे लागलं की अक्का आपल्याकडं. आबा रुसले की त्या मामंजींकडं बघून पदर तोंडाला लावायच्या. तेव्हा तुझ्या शंकेचं उत्तर आपल्याच घरात, आपल्याच सतरंजीवर बसून गेलंय.

आणि हे नवीन नाही, नुसतं बेळगावातलंही नाही. चि. वि. जोशी बडोद्याला पालीचे प्राध्यापक होते. चिमणराव जन्माला आला त्याच्याभोवती गुजराती बोललं जायचं. पु. ल. देशपांडे आपल्या बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, आणि त्यांनी रंगवलेले आपले रावसाहेब तर कानडी हेल काढल्याशिवाय वाक्यच संपवत नाहीत. तरी, किंवा त्यामुळंच, सगळ्या महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं. दोन भाषांच्या मधे राहणाऱ्याला माणसाच्या बोलण्याकडं जरा जास्त लक्ष द्यावं लागतं. विनोदाला तेच लागतं. १९५६ साली राज्यांच्या रेषा आखल्या गेल्या त्याचं दुःख तुझ्या आजोबांना शेवटपर्यंत होतं, ते मी कमी लेखत नाही. पण हसताना या घरात कोणी कोणाला भाषा विचारली नाही, हेही तितकंच खरं.

मामंजींबद्दल एक सांगायचंय. तू लहान होतीस, तुला किती कळलं असेल ठाऊक नाही. माग बंद केल्यापासून ते फार बोलायचे नाहीत. सकाळी पेपर, दुपारी ओसरी, संध्याकाळी विठ्ठल. आम्ही त्यांचं सगळं वेळेवर करत होतो, चहा, औषध, धुतलेलं धोतर, पण त्यांना विचारावं असं कोणाला काही सुचत नव्हतं. टिपरे सुरू झाल्यावर तू आणि दादा त्यांना चिडवायला लागलात, 'आबा, आज डायरीत काय लिहिणार?' त्यांची कुठं डायरी! पहिल्यांदा ते 'गप बसा की' म्हणाले. मग एकदा म्हणाले, 'लिहा, आज शहापूरच्या व्यापाऱ्याची गोष्ट.' आणि लुगड्याच्या काठाचा रंग चुकला म्हणून दिवाळीच्या तोंडावर आख्खा गठ्ठा कसा परत आला, मग तोच रंग बायकांना कसा आवडला, ते सगळं सांगितलं. मी लग्न होऊन या घरात इतकी वर्षं काढलेली, मला ती गोष्ट माहीत नव्हती. त्यानंतर ते रोज काहीतरी 'लिहायला' सांगायचे, आणि दादानं त्यातलं थोडं खरंच वहीत उतरवलं. वही माझ्याकडं आहे. पुढच्या खेपेला दाखवते.

म्हणून म्हणते, सासूबाईंना मालिका दाखवताना तू शेजारी बस. तिथं बसून भाषांतर करत राहू नकोस. एखादा शब्द अडला तर त्या विचारतील. विनोद उलगडून सांगितला की त्यातलं वारं जातं. पहिले दोन-तीन भाग त्या नुसत्या बघतील, हसणार नाहीत, तेव्हा बंद करू नकोस. ते घर ओळखीचं व्हायला वेळ लागतो. कोण कुठल्या गोष्टीवर चिडतो हे एकदा कळलं की पुढचं हसू संवादाच्या आधीच येतं. आबा दाराशी नुसते उभे राहिले तरी येतं. मग त्यांना त्यांच्या सासऱ्यांबद्दल विचार, लग्न होऊन आल्या तेव्हाचं विचार. जावईबापूंनाही बसव, त्यांनाही आईच्या सगळ्या गोष्टी ठाऊक असतील असं मला वाटत नाही.

टिपरे संपलं की 'चिमणराव'चे मिळतील ते भाग लाव. जुनं चित्रण आहे, आवाज जरा खरखरतो, पण बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ बघितल्याशिवाय त्यांना सोडू नकोस. आणि त्यांच्या आवडीचं कन्नड काय आहे ते मला लिहून कळव. मी इथं बघते, म्हणजे फोनवर आम्हा दोघींना बोलायला काहीतरी होईल. दुखतंय का, गोळी घेतली का, एवढ्यावरच आमचं बोलणं संपतं आणि मला ते आवडत नाही.

गुडघ्याला शेक डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. बाबा रविवारच्या सकाळच्या बसनं येताहेत, त्यांच्याबरोबर भाकरीचं पीठ, शेंगादाण्याची चटणी आणि सासूबाईंसाठी एक मऊ उशी पाठवतेय. उशीचा अभ्रा मीच शिवलाय, रंग त्यांना आवडला नाही तर सरळ सांग, दुसरा शिवून देईन.

तुझी,
आई

ता. क. दादाला फोन कर. त्याच्याकडं सुरुवातीचे भाग आहेत म्हणत होता.