गिटार राहूदे म्हणालास म्हणून

चि. ओंकार,

परवा फोनवर तू म्हणालास इलेक्ट्रिक गिटार राहूदे बाबा, फार महाग आहे, आणि पटकन विषय बदललास, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चालूय. क्वीन हा इंग्लंडचा रॉक बँड तू रोज ऐकतोस, पण त्यांचा गिटारिस्ट ब्रायन मे, त्याच्या गिटारची गोष्ट तुला माहितीये का?

१९६३ मधे तो सोळा वर्षांचा होता, चांगली गिटार घ्यायला पैसे नव्हते, मग तो आणि त्याचे वडील हॅरॉल्ड दोघं घरातच बनवायला बसले. नेक, म्हणजे गिटारची मान, कशाची, तर शेकोटीच्या जुन्या लाकडी चौकटीची, त्यात किड्यांनी पाडलेली भोकं होती ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीत जुन्या टेबलाचं ओक, ट्रेमोलोला, म्हणजे सूर हलवणाऱ्या दांडीला, मोटरसायकलच्या स्प्रिंगा आणि नेकवरचे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं! दोन वर्षं लागली. तीच गिटार, रेड स्पेशल तिचं नाव, १९८५ ला लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत लंडनच्या वेम्बली स्टेडियममधे सत्तर हजार लोकांपुढे वाजली, आणि वाजवतो कशाने तर सहा पेन्सच्या नाण्याने.

क्वीनचा बेस गिटारवाला जॉन डीकन पण तसलाच, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डाचा छोटासा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा डबा, केला आणि तो रेकॉर्डिंगला वापरला. सुरुवातीच्या अल्बमवर तर ते छापायचे की यात सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, नाही, कारण ते आवाज गिटारचे आहेत यावर लोकांचा विश्वासच बसत नसे. आणि त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारच्या पारशी घरातला फारोख बलसारा, आपल्या पाचगणीला सेंट पीटर्समधे शिकला, त्याचा पहिला बँड त्या शाळेतलाच. पुढच्या वेळी गेलो की त्या रस्त्याने जाऊ.

पण मला सारखे हॅरॉल्डच आठवतात. ज्यांनी हाताने गिटार करून दिली त्यांनाच पोराने बँडसाठी पीएचडी सोडली तेव्हा फार वाईट वाटलं होतं. मला दोघांचंही कळतं रे. पुढे २००७ ला ब्रायनने ती पूर्ण केली, सूर्यमालेतल्या धुळीवर, पण हॅरॉल्ड ते बघायला नव्हते, हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

तर ऐक, आजीच्या घराचं दार बदललं तेव्हाची सागवानी फळी माळ्यावर होती, ती उतरवून पुसून ठेवलीय, वाळवी नाहीये, बघितली मी. दिवाळीला आलास की माप घेऊ. पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, आणि तारा विकतच आणाव्या लागतील, त्याचे पैसे बाजूला काढलेत. आईला बटणांचं विचारलंय, ती डबा शोधतेय.

तुझा,
बाबा