मोबाईल का लागत नाही

ग्रीन बँक, वेस्ट व्हर्जिनिया
एप्रिल, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

आईने मावशीकडे केलेली तक्रार माझ्यापर्यंत पोचली. "पोरगी फोन उचलत नाही, कुठल्या रानात जाऊन बसलीय कोण जाणे." आई, रान खरंच आहे गं, पण उचलायला फोन आधी वाजायला हवा ना! इथे मोबाईलला रेंज नाही, आणि हे मुद्दाम केलेलं आहे.

बाबांना लगेच कळेल. आपल्या खोडदला रेडिओ दुर्बिणींवर जे चालतं, तेच इथे. खोडदच्या तीस थाळ्या, प्रत्येकी ४५ मीटरच्या. इथली मोठी एकच, पण १०० मीटरची, आणि हवी तिकडे वळते. आकाशातून येणारा रेडिओ सिग्नल इतका क्षीण, की जवळ मोबाईल चालू असणं म्हणजे कीर्तनाशेजारी डीजे. म्हणून १९५८ साली सरकारने भोवतालचा जवळजवळ ३४,००० चौरस किलोमीटर मुलूख 'शांत' ठरवला, म्हणजे तिथे रेडिओ लहरी सोडण्यावर बंधनं. थाळीच्या अगदी जवळ तर पेट्रोलची गाडीही नेत नाहीत, स्पार्क प्लगची ठिणगी नडते. फक्त डिझेल. बाबा, तुमची खटारा जीप इथे मानाने फिरली असती!

गाव म्हणाल तर दीडशेच्या आत माणसं. शाळा, चर्च, वाचनालय, एक दुकान. अख्ख्या पोकाहॉन्टस काउंटीत आठ हजारही भरत नाहीत. १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री इथली जुनी ३०० फुटी दुर्बीण बघता बघता कोसळली. सांध्याची एक पट्टी तुटल्याचं निमित्त. कोणाला खरचटलंही नाही. पण त्या रात्री आपण कुठे होतो, हे शेजारच्या आजी अजून कालचं असल्यासारखं सांगतात.

सगळं गोडच आहे असं नाही. आगीच्या बंबावर, अँब्युलन्सवर काम करणारे म्हणतात, आमचे वायरलेस धड चालत नाहीत, दरीत कोणी अडकलं तर कळवायचं कसं? मला त्यांचं पटतं. आणि पगार मी दुर्बिणीचा घेते.

त्याच आजींनी परवा रॅम्प्सची जुडी आणून दिली. डोंगरात झाडांच्या सावलीला उगवणारी रानभाजी, रुंद पान, खाली कांद्यासारखा बारका गड्डा, वास लसणाच्या दुप्पट. इथले लोक बटाटे आणि डुकराच्या मांसाबरोबर परततात. मी बेसन लावून झुणका केला. आजींनी दोनदा घेतला, तिसऱ्यांदा डबा मागितला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्यापासून सगळे चार हात लांब बसले होते.

घरच्या वायरच्या फोनचा नंबर दादाला दिलाय, तो कालनिर्णयवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. दर रविवारी तुमच्या संध्याकाळी सातला मीच करीन. आई, बाबांना तेवढ्या वेळी टोमॅटोच्या मार्केटला जाऊ देऊ नकोस.

तुमची,
ताई