नोंदवहीतलं ‘घरकाम’

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं. तुझ्या शाळेच्या त्या लहानशा गावात वर्षभरात नऊ माणसं गेली. तू मास्तर, म्हणून गावानं तुला प्रत्येकावर एकेक पान लिहायला सांगितलं. चार पानं लिहून झाल्यावर तुझ्या लक्षात आलं की वरचं नाव झाकलं तर कोणतं पान कोणाचं, हे तुलाच ओळखता येत नाही. चौघंही कष्टाळू, चौघंही मनमिळाऊ, चौघंही अडीअडचणीला धावून जाणारे. शेवटी तू विचारलंस, “आई, माझं काय चुकतंय?”

मला वाटतं, तू घरोघर जाऊन विचारलंस ते “ते कसे होते?” असं. कसे होते म्हटलं की माणसं गुण सांगतात, आणि गेलेल्या माणसाचे गुण सगळ्या घरांत सारखेच असतात. त्यात खोटं काही नसतं. दुःख ताजं असताना तोंडी तेवढंच येतं. पण तू काय करायचे ते विचार. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कुठे जायचे? त्यांच्या दारात लोक कशासाठी यायचे? कोणाशी त्यांचं पटायचं नाही, आणि कशावरून? सगळ्यात शेवटी, धीर करून, हे विचार: ते गेल्यावर कोणतं काम अडलं? या प्रश्नाला माणसं आधी गप्प होतात, मग एकदम बोलायला लागतात. कोणी सांगेल, पाटाचं पाणी कोणाच्या शेतात किती वेळ सोडायचं हा हिशेब त्यांच्याच डोक्यात होता, आता रोज भांडण होतं. कोणी सांगेल, गाय अडली की त्यांना बोलवायचो, परवा वासरू गेलं. बाळा, त्या उत्तरातच ते माणूस असतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या हातून एक चूक झालेली आहे. ती मी तुझ्या बाबांनाही कधी नीट सांगितली नाही. आज तुला सांगते.

मी बावीस वर्षं जन्ममृत्यूच्या नोंदी लिहिल्या, हे तू लहानपणापासून पाहिलंस. मृत्यूच्या नोंदीला रकाने असतात: नाव, वय, तारीख, ठिकाण, कारण, आणि एक रकाना व्यवसायाचा. पुरुष गेला की त्या रकान्यात शेती, मजुरी, सुतारकाम असं काहीतरी पडायचं. बाई गेली की मी विचारायचे खरं, पण उत्तर यायच्या आधीच पेन ‘घरकाम’च्या ‘घ’वर टेकलेलं असायचं. एका पावसाळ्यात वस्तीवरची एक म्हातारी सुईण गेली. तिचा मुलगा भिजत आला. मी व्यवसाय विचारला. तो क्षणभर थांबून म्हणाला, “काही नाही, घरीच असायची.” मी लिहिलं, घरकाम. शिक्का मारला, त्याला कागद दिला, तो गेला.

त्याच संध्याकाळी कशाच्या तरी तपासणीसाठी मला जन्माची जुनी नोंदवही काढावी लागली. त्यात बाळंतपण कोणी केलं याचा रकाना असतो. मी पानं उलटत गेले. सुईण, सुईण, सुईण. एखाद्या ओळीत डॉक्टर, परत सुईण. त्या वस्तीच्या जवळजवळ प्रत्येक जन्मापुढे तीच बाई होती, आणि शेजारच्या कपाटातल्या वहीत मी सकाळीच लिहिलं होतं की ती काही करत नव्हती. ज्या मुलानं सांगितलं त्याला तरी काय दोष द्यायचा? आईनं रात्री-अपरात्री कंदील घेऊन जाणं हे त्याला ऊन-पावसासारखं रोजचं झालं होतं. दोष माझा होता. विचारणं हे माझं काम होतं. नोंद दुरुस्त करायची तर अर्ज आणि पुरावा लागतो, मी तोही खटाटोप केला नाही. ती वही अजून तशीच आहे.

तुझ्या नऊ जणांत चार बायका आहेत असं तू लिहिलंस. त्यांच्या पानांना जास्त वेळ दे. पुरुषाचं काम लोकांना दिसतं, बांध घातलेला दिसतो, विहीर दिसते. बाईचं काम झालं की नाहीसं होतं. बियाणं कोणी राखून ठेवलं, कोणत्या मडक्यात, कशात घोळून, हे फक्त तिच्या लेकीसुनांना ठाऊक असतं. आणि त्यांना ते सांगण्यासारखं वाटत नाही. म्हणून तू विचारायला हवंस. ओसरीवर बसून विचारू नकोस. त्या हातानं काम करत असतील तिथे जाऊन बस. हात चालू असले की तोंड मोकळं होतं.

आता एका गावाची गोष्ट सांगते. नोकरी सुटल्यावर मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. रुमानियाच्या उत्तरेला मारामुरेश भागात, युक्रेनच्या सीमेजवळ, सापंत्सा नावाचं खेडं आहे. तिथे स्तान योआन पत्राश नावाचा लाकूड कोरणारा कारागीर होता, १९०८ साली जन्मलेला. कोरीवकाम त्यानं पोरवयातच सुरू केलं होतं. १९३५च्या सुमारास त्यानं गावातल्या मेलेल्या माणसांच्या ओकच्या क्रुसांवर ओळी कोरायला सुरुवात केली. क्रूस गडद निळ्या रंगाचे. वर त्या माणसाचं चित्र, आणि खाली यमक जुळवलेल्या काही ओळी, गावच्याच बोलीत. त्या ओळींत मेलेलं माणूस स्वतः बोलतं: मी अमुक, मी आयुष्यभर हे केलं.

चित्रात काय असतं हे वाचून मी थबकले. बाई सूत काततेय. बाई मागावर बसलीय. मेंढपाळ मेंढरांत उभा आहे. ट्रॅक्टर चालवणारा ट्रॅक्टरवर आहे. ज्याला दारूचा नाद होता त्याच्या हातात बाटली आहे, आणि ओळींत ते कबूलही केलेलं आहे. गावात फिरून, माणसांच्या सवयी पाहून, कोणाचं काय हे ऐकून तो हे करायचा. १९७७ साली तो गेला. स्वतःचा क्रूस त्यानं आधीच कोरून ठेवला होता. त्याचा शिष्य दुमित्रू पोप यानं पुढे तेच काम चालू ठेवलं. आज तिथे आठशेच्या वर असे क्रूस आहेत. एका खेड्यातली माणसं, प्रत्येक जण आपल्या कामाला लागलेला.

आपल्याकडचे वीरगळ, लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड, तू शाळेच्या सहलीत पाहिलेस. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये अप्सरा त्याला वर नेताहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, कडेला चंद्रसूर्य. मला त्या दगडांबद्दल फार आदर आहे. पण बहुतेकांवर नाव नाही, आणि तो माणूस लढण्याआधी काय करत होता हेही नाही. गुरं राखताना मेला की वेस राखताना, एवढं जाणकाराला चित्रावरून ओळखता येतं. घरी त्याची कोण वाट पाहत होतं, ते दगडाला माहीत नाही. पत्राशच्या क्रुसावर अपघाताचं चित्र असलं तरी ओळींत आयुष्य येतं. तुझ्या पानांत शेवटचं आजारपण दोन ओळींत संपव. तू पाठवलेल्या चारांपैकी तिघांच्या पानात दवाखाना अर्धं पान खातोय. घरच्यांच्या मनात ते दिवस ताजे आहेत म्हणून ते तेच सांगतात, आणि ते ऐकून घेणं तुझं काम आहे. ऐकून घे सगळं. लिहिताना मात्र ते माणूस उभं असलेल्या दिवसांकडे जा.

तू त्या सातव्या माणसाबद्दल घाबरत घाबरत लिहिलंस. बांधावरून भावाशी तीस वर्षं अबोला धरणारा, रागीट, मुलांना मारणारा. त्याच्याबद्दल काय लिहू, असं विचारतोस. त्याच्या बायकोसमोर आणि मुलांसमोर वाचता येईल एवढंच लिही, पण खोटं लिहू नकोस. तो प्रेमळ होता असं लिहिलंस तर ज्यांनी मार खाल्ला ती मुलं ते पान वाचतील आणि उरलेल्या आठ पानांवरचाही त्यांचा विश्वास उडेल. तो फार रागीट होता, असं एक वाक्य पुरे. मग त्याला काय येत होतं ते लिही. तू म्हणतोस की अख्ख्या शिवारात त्याच्यासारखं कलम कोणी बांधत नव्हतं. मग कलमाबद्दल लिही, नीट, कोणत्या महिन्यात, काप कसा द्यायचा, काय गुंडाळायचं. त्याच्या हातची झाडं कोणाकोणाच्या दारात उभी आहेत ते मोजून लिही. भावाच्या बांधावर एखादं आहे का, तेही पाहून ये.

आणि तो शेतमजूर, ज्याच्या मागे कोणी नाही, ज्याचं वयही कोणाला नक्की सांगता येत नाही. त्याचं पान तू “माहिती उपलब्ध नाही” म्हणून सोडून दिलंस. असं करू नको रे. माहिती आहे, फक्त ती एका घरात नाही. चाळीस वर्षं तो ज्यांच्या ज्यांच्या शेतात राबला, त्या प्रत्येक घरात त्याचा एक तुकडा आहे. कोणाकडे त्यानं धार लावलेला विळा असेल, कोणाला त्याची शीळ आठवत असेल, कोणी त्याचे शेवटचे पैसे द्यायचे राहून गेले म्हणून आतल्या आत जळत असेल. त्याला दहा घरांतून गोळा करावं लागेल. नऊ पानांत सगळ्यात जास्त चालणं त्या एका पानासाठी होईल, हे मी तुला आधीच सांगून ठेवते.

एकट्यानं हे होणार नाही, असं तू म्हणशील. म्हणून दुसरी एक हकिकत सांगते. ही तर तुझ्या धंद्यातलीच आहे. आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या लोकसाहित्य आयोगानं प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गातल्या, अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना एक काम दिलं. आठवड्याला निबंधासाठी जो वेळ असायचा तो यासाठी द्यायचा. घरी जायचं, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारायचं, आणि ऐकलेलं वहीत उतरवून आणायचं. जुने खेळ, घरगुती औषधं, हस्तकामं, शेताशिवारांची नावं, वादळं, दुष्काळ, सगळं. शिक्षकांच्या संघटनेनं साथ दिली. सुमारे पाच हजार शाळा आणि पन्नास हजार मुलं यात होती. त्या पानांची मोजदाद सुमारे सात लाख चाळीस हजार होते. सांगणाऱ्यांतले कितीतरी जण त्या वेळीच म्हातारे होते. ती मुलं गेली नसती तर ते शब्द त्यांच्याबरोबरच गेले असते. डब्लिनच्या विद्यापीठात त्या वह्या आजही जपलेल्या आहेत, आणि अनेकींवर मुलाचं नाव, आणि ज्याच्याकडून ऐकलं त्याचंही नाव, गाव, कधीकधी वय लिहिलेलं आहे.

तुझ्याकडे सहावी-सातवीची मुलं आहेत. आज नऊ घरं त्यांना दे. पण नुसता गेलेल्यांचा हिशेब पुरा करून थांबू नकोस. गावात आज जे सत्तरी-ऐंशीचे आहेत त्यांच्याकडेही पाठव, ते बोलताहेत तोवर. मुलांना तीन गोष्टी बजावून सांग. जसं बोलले तसंच लिहायचं, शब्द शुद्ध करायचा नाही. कोणी सांगितलं ते नाव आणि तारीख वर टाकायची. आणि म्हाताऱ्यानं “हे लिहू नको” म्हटलं की पेन खाली ठेवायचं. ही तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. लोक तुम्हाला विश्वासानं सांगतात. तो विश्वास एकदा मोडला की ते दार पुन्हा उघडत नाही.

घाई एवढ्यापुरतीच कर. टिपणं आत्ताच घे, पहिल्या दोन-तीन महिन्यांत. तोवर खुंटीवरची टोपी खुंटीवर असते, खोलीला वास असतो, माणसाची लकब शेजाऱ्याच्या तोंडी असते. वर्ष उलटलं की सामान आवरलं जातं, आणि सामानाबरोबर गोष्टीही जातात. पान मात्र सावकाश लिही. गावाला तारीख दिली असशील तर पुढे ढकल, माझं नाव सांग. आणि लिहिलेलं आधी घरच्यांना वाचून दाखव. वाचताना त्यांच्यातलं कोणी मध्येच “तसं नव्हतं ते” म्हणून थांबवेल. तेव्हा खाली मान घालून लिहून घे. तुला जे हवं आहे ते तिथून पुढे येईल.

तुझी चार पानं मी परत पाठवतेय. ‘मनमिळाऊ’वर पेन्सिलीनं गोल केलेत, रागावू नकोस.

सोबत आणखी एक पान आहे, माझ्या अक्षरातलं. ते त्या सुईणीचं आहे. मला जे आठवतं ते, आणि परवा तिच्या शेजारणीनं सांगितलं ते. ती रोज संध्याकाळी दाराशी बसून नखं कापायची, बोलावणं कधी येईल याचा नेम नाही म्हणून. कोणाच्याही घरात शिरली की आधी गरम पाणी मागून कोपरापर्यंत हात धुवायची. कंदील धरणारीला डाव्या बाजूला उभं करायची. बाळ रडेपर्यंत कोणाशी अक्षर बोलायची नाही, मग मात्र हसायची, मोठ्यानं, अंगणातल्या पुरुषांना ऐकू जाईल अशी. आडवं असलेलं मूल ती बाहेरून पोटावर हात फिरवून वळवायची असं तिघींनी सांगितलं. ते ती कसं करायची, कोणाकडून शिकली, हे पानावर रिकामं आहे. तिच्या सुनेला बहुधा माहीत असेल. ती आता दुसऱ्या गावी राहते. येत्या गुरुवारी मी तिच्याकडे जाऊन येणार आहे.

तब्येत सांभाळ.

तुझी,
आई