पाखरांना पाणी ठेवणाऱ्यांनी भांडे घासण्याचीही जबाबदारी घ्यावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या दैनिकाच्या स्थानिक पानावर पाखरांसाठी पाण्याची भांडी टांगल्याची छायाचित्रे येऊ लागतात. शाळा, महाविद्यालये, पतसंस्था, तरुण मंडळे अशी सगळीच मंडळी २० मार्चच्या जागतिक चिमणी दिनापासून या कामाला लागतात आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत झाडाझाडाला काही ना काही लटकलेले दिसते. या कामामागचा जिव्हाळा खरा आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यातल्या माणसाला तहान म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र टांगलेल्या भांड्याचे पंधरा दिवसांनी काय झाले, याचे छायाचित्र कधी छापून येत नाही. हे पत्र त्याच विषयावर आहे.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. एकतीस वर्षांच्या नोकरीत कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आलो, की दाणा एक दिवस कमी पडला तरी चालेल, पण पाण्याचे भांडे रोज घासलेच पाहिजे. निवृत्तीनंतर उदगीरच्या घराच्या परसात मी पाखरांसाठी मातीचे परळ मांडले आणि नेमकी हीच गोष्ट मी स्वतः विसरलो. रोज सकाळी तांब्याभर पाणी वरून ओतायचे आणि परळ भरले की समाधान मानायचे, असा क्रम दीड महिना चालला. मे महिन्यातल्या एका सकाळी त्या परळाच्या काठाशी कबुतराच्या जातीचा एक होला पिसे फुगवून बसलेला दिसला. मी अगदी जवळ गेलो तरी तो उडाला नाही. त्याने ज्वारीचा दाणा चोचीत धरला, दोनदा मान झटकली आणि दाणा तसाच खाली पडला. चोचीच्या कडेने लाळ गळत होती आणि तिने गळ्यावरची पिसे चिकटून गेली होती. हातमोजे घालून चोच उघडून पाहिली तर घशात पनीरच्या चुऱ्यासारखा पिवळट थर साचलेला होता. पारवे, म्हणजे कबुतरे, पाळणारे लोक या रोगाला कँकर म्हणतात. ट्रायकोमोनास नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे तो होतो आणि आजारी पाखराच्या लाळेतून पाण्यात व दाण्यात उतरतो. संध्याकाळपर्यंत तो होला मेला आणि आठवडाभरात आणखी दोन मेले. तेव्हा कुठे मी परळ उपडे करून आतून बोट फिरवले, तर बोटाला हिरवा, बुळबुळीत थर लागला. ते पाणी मी दीड महिना पुण्य समजून पाखरांना पाजत होतो.

रानात पाखरे पांगून चरतात. आपण दाणापाणी ठेवतो तेव्हा होला, पारवा, चिमणी आणि साळुंकी या सगळ्यांना एकाच ताटात जेवायला बसवतो, आणि त्यातला एक जरी आजारी असला तरी रोग सगळ्यांच्या घशाखाली जातो. ज्या देशांत घरोघरी दाणापात्रे टांगण्याची रीत आपल्यापेक्षा जुनी आहे, तिथे हे घडून गेले आहे. ब्रिटनमध्ये २००५ पासून हाच कँकर ग्रीनफिंच नावाच्या परसात येणाऱ्या हिरव्या पाखरांत पसरला आणि त्यांची संख्या झपाट्याने घसरली. अमेरिकेत १९९४ मध्ये हाऊस फिंच या पाखरांचे डोळे सुजवून त्यांना आंधळे करणारा एक जिवाणूजन्य रोग दिसू लागला आणि दाणापात्रांवरच्या गर्दीतून तो दूरवर पोहोचला. तिथले पक्षीप्रेमी आपल्यापेक्षा कमी कनवाळू नव्हते, हे आपण ध्यानात घ्यावे.

आपल्या भागालाही अनुभव आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये तर आमच्या उदगीर शहरातच कावळे पटापट मरून पडले, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि निदान बर्ड फ्लूचे झाले. त्या दिवसांत काही घरांच्या गच्चीवर दाणे आणि पाणी नेहमीप्रमाणे मांडलेले मी पाहिले, कारण थांबायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. परिसरात दोन-तीन पाखरे मेलेली किंवा फुगून बसलेली दिसली, तर दाणापाणी निदान दोन आठवडे बंद करावे, भांडी उचलून ठेवावीत, मेलेल्या पाखराला उघड्या हाताने शिवू नये आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. पाखरे पांगली म्हणून उपाशी मरत नाहीत, पण आजारी पाखरासोबत एकत्र आली तर मरतात.

आता भांड्याविषयी. ते मातीचे, पसरट आणि उथळ असावे, पाणी दीड-दोन इंचांपेक्षा खोल नसावे आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे चिमणीला पाय रोवता येतो. पाण्याच्या टाकीत किंवा खोल बादलीत बुडून मेलेल्या चिमण्या पाहिलेल्या माणसाला या दगडाचे मोल कळेल. पत्र्याचे भांडे आमच्याकडच्या उन्हात दुपारी इतके तापते की त्यातल्या पाण्याला चोच लावता येत नाही. रोज जुने पाणी ओतून द्यावे, काथ्याने आतून आणि काठावरून घासावे, आणि आठवड्यातून एकदा एक भाग घरगुती ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून त्याने भांडे धुवावे, स्वच्छ पाण्याने खळखळून घ्यावे आणि कडक उन्हात पूर्ण वाळू द्यावे. कँकरचा परजीवी कोरडेपणात टिकत नाही. घरात दोन परळे असावीत, एक वापरात असताना दुसरे उन्हात वाळत राहते. नुसते पाणी बदलून भागत नाही याला आणखी एक कारण आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास आपली अंडी पाण्याच्या पातळीच्या थोडी वर, भांड्याच्या कडेला चिकटवतो, ती कोरड्यात कित्येक महिने टिकतात आणि पाणी भरले की पुन्हा जिवंत होतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून वाळवण्याचा दिवस, पाळायला सांगतो, तो पाखरांच्या भांड्यालाही लागू आहे. झाडाला टांगून विसरून गेलेली शेकडो भांडी पहिल्या पावसाने भरतात, तेव्हा आपण कोणाची सोय करून ठेवलेली असते, याचा वाटप करणाऱ्यांनी विचार करावा.

दाण्याच्या बाबतीत मला आमच्या वडिलांची रीत अजून श्रेष्ठ वाटते. ते रब्बीच्या ज्वारीची काढणी झाली की मालदांडीची चार-पाच भरदार कणसे एकत्र बांधून ओसरीच्या आढ्याला लटकवत. त्या वेळी मला ती शोभा वाटे. पुढे नोकरीत रोगराई पाहिल्यावर त्यातले शहाणपण लक्षात आले. टांगलेल्या कणसाला चिमणी आणि मुनिया लोंबकळून दाणा टिपतात, जड पारव्याला तिथे पाय ठेवता येत नाही, विष्ठा दाण्यावर न पडता सरळ खाली पडते आणि दाणा ओलाही होत नाही. बाटली कापून तिला लाकडी चमचे खुपसलेल्या दाणापात्रात यातले काहीच साधत नाही. उलट त्या चमच्यावर दाणा आणि विष्ठा एकाच ठिकाणी साचतात. पसरून दाणे टाकायचेच असतील तर ज्वारी, बाजरी, राळे किंवा तांदळाची कणी सकाळी दोन मुठी टाकावी, संध्याकाळपर्यंत संपेल एवढीच. उरलेल्या दाण्यावर रात्री उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. शेव, फरसाण, बिस्किटे, पाव आणि शिळा भात घालू नये. बुरशी आलेले शेंगदाणे तर मुळीच घालू नयेत, कारण त्या बुरशीतले अफलाटॉक्सिन कोंबडीचे यकृत निकामी करते आणि रानातल्या पाखरालाही ते सोडत नाही. साखरेचे पाणीही ठेवू नये. आपल्या उन्हात ते काही तासांत आंबते. फुलांतला मध पिणारा शिंजीर जास्वंदीवर आणि शेवग्याच्या फुलांवर आपले आपण जेवतो. पावसाळ्यात दाणा ठेवणे बंदच करावे, कारण तो भिजून बुरशी धरतो आणि त्या दिवसांत शिवारात किडे, अळ्या आणि गवताचे बी मुबलक असते.

चौकाचौकांत, दुकानांच्या पायऱ्यांवर पोतेभर धान्य ओतण्याची जी नवी रीत शहरांत पडली आहे, तिच्याबद्दल मला स्पष्ट लिहिले पाहिजे. ती पक्षिसेवा नाही. तिथे येतात ते जवळजवळ सगळे पारवे, आणि त्यांची संख्या वाढली की चिमण्या आणि साळुंक्या मागे सरतात. पारव्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली की काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून जो वाद पेटला आणि उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो आपल्या लातूर-नांदेड-छत्रपती संभाजीनगरच्या दारात येण्याआधी आपण हात आवरता घेतलेला बरा. ज्यांची भावना दानाची आहे, त्यांनी ते पोते गोशाळेला द्यावे.

चिमणी घरातून का गेली, याची चर्चा दरवर्षी होते आणि प्रत्येक वेळी बोट मोबाइलच्या मनोऱ्यांकडे जाते. मला आमच्या भागातली कारणे वेगळी दिसतात. माळवदाच्या, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताच्या घरात तुळई आणि किलचणाच्या फटीत चिमणीची पिढ्यान् पिढ्यांची घरटी असत. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने दगडमातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या, त्यानंतर तशी घरे बांधायला कोणी धजावले नाही, आणि ते योग्यच होते, पण सिमेंटच्या घरात चिमणीला फट उरली नाही. त्याच काळात खरिपातली ज्वारी-बाजरी मागे पडून सोयाबीन आले आणि गावोगावची खळी नाहीशी झाली. सोयाबीनवर चिमणी जगत नाही. शिवाय मोठी चिमणी दाण्यावर राहत असली तरी पिलाला दाणा पचत नाही, त्याला पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच लागतात. परसातल्या वालाच्या वेलावर मी फवारणी करत नाही. मागच्या वर्षी त्या वेलावरून एक मादी हिरवी अळी चोचीत आडवी धरून निघायची, घरट्यासाठी लावलेल्या समोरच्या खोक्याच्या भोकाशी क्षणभर लटकायची आणि रिकाम्या चोचीने परत यायची. अर्ध्या तासात मी तिच्या अकरा खेपा मोजल्या. त्या अर्ध्या तासात दोन हात अंतरावर ठेवलेल्या ज्वारीकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. म्हणून ज्याला चिमण्या हव्या आहेत त्याने परसातल्या एका कोपऱ्यात कीटकनाशक मारू नये. खोके लावायचे तर लाकडाचे लावावे, पत्र्याचे नको. ते आठ-दहा फुटांवर, दुपारचे ऊन लागणार नाही अशा भिंतीला असावे आणि भोक ३२ मिलिमीटरचे ठेवावे, कारण त्याहून मोठे भोक असले की साळुंकी ते बळकावते. देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरील २०२० च्या अहवालात चिमणी सहा महानगरांत घटल्याचे, पण एकूण देशात बऱ्यापैकी टिकून असल्याचे म्हटले आहे. म्हणजे आपल्या तालुक्यांच्या गावांत वेळ अजून गेलेली नाही.

ज्यांच्या अंगणात चार हात मोकळी जागा आहे त्यांनी एक कढीपत्ता लावावा. त्याची पिकलेली काळी फळे बुलबुल आणि कोकीळ आवडीने खातात, आणि ते ताट कोणाला घासावे लागत नाही. गावाच्या गायरानात उंबर, पिंपळ, बोर आणि कडुलिंब लावले तर त्यावर हरियल येतो, तांबट येतो. दाणापात्राजवळ एखादे दिवशी शिक्रा झडप घालून होला उचलतो, तेव्हा त्याला दगड मारू नये. तोही पाखरूच आहे. चार दिवस दाणा बंद ठेवला की तो दुसरीकडे जातो. मांजराचे मात्र तसे नाही, म्हणून परळ झुडपाला अगदी चिकटून ठेवू नये.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे. भांडी वाटणाऱ्या संस्थांनी प्रत्येक भांड्यासोबत एक काथ्या द्यावा, ते कोण घासणार त्याचे नाव वहीत लिहून घ्यावे आणि मृगाच्या आधी सगळी भांडी उतरवून परत जमा करावीत. शाळांनी फेब्रुवारीत होणाऱ्या परसातल्या पक्षिगणनेत भाग घ्यावा. त्यासाठी एका जागी निदान पंधरा मिनिटे बसून पाखरे मोजली तरी पुरते, आणि रोज मोजणाऱ्या मुलाला आजारी पाखरू सर्वांत आधी दिसते. आपल्या दैनिकानेही या वर्षी वाटपाच्या छायाचित्राखाली भांडे स्वच्छ ठेवण्याची माहिती चौकटीत छापावी आणि जून महिन्यात त्याच झाडाखाली पुन्हा एकदा आपला छायाचित्रकार पाठवावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
उदगीर, जि. लातूर