बाकड्याचे पाय मी कापले

नागपूर, २७ मे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

घर ठीक आहे हे आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. टाकी भरलेली असते, कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, तुळशीवर हिरवी जाळी बांधली आहे. नवतपा लागून आज तिसरा दिवस. सकाळी आठलाच अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नाही. बाबा, रोज पेपरातला आकडा पाहून फोन करू नका. २०२४ मध्ये ५६ अंशांची बातमी आली तेव्हा दादा पुण्याहून कसा घाबरून ओरडत होता, आणि शेवटी यंत्रच बिघडलेलं निघालं. आम्ही दुपारी घराबाहेर पडत नाही, कांदा खिशात आहे, पन्हं रोज होतं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा नुसतं "हं" म्हणतात आणि मग दोन दिवस आईमार्फत बोलतात. म्हणून पत्र.

बाबा, अंगणातल्या बाकड्याचे पाय मी कापले. चारही.

आता लगेच पत्र आईच्या हातात देऊ नका, पूर्ण वाचा. बाकडं मोडलं नाही, विकलं नाही, भंगारवाल्याला दिलं नाही. ते तिथेच आहे, कडुनिंबाखाली, आणि आता उंच आहे. तुम्ही ते केलं तेव्हा मी सात वर्षांची आणि दादा अकराचा. आमचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून तुम्ही बैठक १४ इंचांवर घेतली होती. तेव्हा ते बरोबरच होतं. पण आम्ही वाढलो आणि बाकडं तेवढंच राहिलं. दोन्ही गुडघे बदलल्यावर आईला जो कागद दिला आहे ना व्यायामाचा, त्यात लिहिलंय की बसल्यावर कंबर गुडघ्यांच्या वर राहिली पाहिजे आणि उठताना दोन्ही हातांना टेकायला काहीतरी हवं. १४ इंचांवर ते कसं जमणार? आणि आई, डिसेंबरात तू बाकड्यावरून उठताना कडुनिंबाचं खोड धरलं, एकदा सुटलं, पुन्हा धरलं. तुला वाटलं कोणी पाहिलं नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. त्याच दिवशी माझं ठरलं होतं, फक्त तुम्ही दोघं घरात असेपर्यंत हिंमत झाली नाही. हे कबूल.

नवीन घ्यायचाही विचार केला. लोखंडी बाक आणला तर मे महिन्यात त्यावर पापड भाजता येतील. प्लास्टिकच्या खुर्च्या उन्हानं दोन वर्षांत तडकतात, आणि आईला त्या मागे सरकतात म्हणून भीती वाटते. शिवाय संध्याकाळी बाबा दुसरीकडे कुठे बसले असते? गेटकडे तोंड, पाठीला झाड, उजवीकडे रेडिओ ठेवायला जागा. ते सगळं तुम्ही मापून केलेलं आहे.

रंग काढायलाच पाच दिवस गेले. वर चॉकलेटी, त्याखाली हिरवा, त्याखाली गेटचा उरलेला निळा, आणि सगळ्यात खाली तो लाल, ज्यावर काका ओला असताना बसले होते. जुन्या ऑइलपेंटात शिसं असायचं. आपल्याकडे त्यावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा लागू झाली २०१७ मध्ये, आणि आपले बहुतेक थर त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून कोरडा काचपेपर मारला नाही. रिमूव्हर लावून पत्र्याच्या पट्टीनं खरवडलं, राहिलेलं ओल्या पेपरनं घासलं, तोंडाला मास्क. छोट्याला तेवढे दिवस सासूबाईंकडे ठेवलं. तो नाराज होता, पण चालायचंच.

आणि मग मिस्त्रींनी रंधा फिरवला. वरचा करडा पापुद्रा गेला आणि खालून असा पिवळा-तपकिरी साग निघाला की मी हातातला चहा तसाच ठेवला. तो वास, बाबा! जरा तेलकट, जरा चामड्यासारखा. एका क्षणात रविवार. तुम्ही लकडगंजातून सायकलरिक्षावर फळ्या आणलेल्या, कानामागे पेन्सिल, आणि मी भुश्शात बसून रंध्यातून निघालेल्या कुरळ्या साली मनगटात घालतेय, बांगड्या म्हणून. एक तुटली की तुम्ही मुद्दाम एक लांबलचक साल काढून द्यायचे. काम थांबवून. आता मला कळतं की त्या फळीला रंध्याची गरज नव्हती.

मिस्त्री म्हणाले, "ताई, असा साग आता भेटत नाही. हे तं आलापल्लीकडचं लाकूड असन." २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून साग गेला, त्याची गोष्ट त्यांनी मला दोनदा ऐकवली. मग खाली वाकून सांधे पाहत बसले. विचारलं, "बाबा मिस्त्री होते का?" म्हटलं, नाही, ऑफिसात होते, रविवारी करायचे. तर म्हणे, "सांधे तं मिस्त्रीचेच आहेत." हे मी तुम्हाला खूश करायला लिहीत नाहीये, ते खरंच असं म्हणाले.

कुजलं होतं ते फक्त खाली. लाकडाचं उभं टोक पाणी शोषतं, आणि तीस पावसाळे ते पाय फरशीवरच्या पाण्यात उभे होते. खालचे २ इंच नखानं खरवडले तरी निघत होते. बैठकीची मागून दुसरी फळी उधईनं आतून पोखरली होती. तीच एक पांढरी होती, कच्च्या लाकडाची. आत तेल असतं ते पक्क्या भागात, पांढरा भाग उधई सोडत नाही. तुम्हाला हे माहीत होतं बाबा, पैसे कमी पडले म्हणून लावली होती. आईनं मला कधीच सांगितलंय.

आता दुसरी गोष्ट. ही पहिलीपेक्षा अवघड आहे.

पाय वाढवायला लाकूड लागलं, ते मी माळ्यावरून काढलं. महाल भागातल्या आपल्या जुन्या घराची चौकट. मला माहीत आहे ती देव्हाऱ्यासाठी ठेवली आहे. मला हेही माहीत आहे की ती उतरवली त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात. मी फक्त एक उभा घेतला, ज्याचं खालचं टोक आधीच खराब होतं. दुसरा उभा आणि वरची आडवी पट्टी जशीच्या तशी आहे, मोजून ठेवली आहे, देव्हाऱ्याला पुरून उरेल. दुकानातला साग त्या जुन्या लाकडाशेजारी कसा दिसला असता? रंग वेगळा, आणि नवं लाकूड नीट वाळलेलं नसलं तर पहिल्याच उन्हाळ्यात पिळतं. ते चौकटीचं लाकूड शंभर उन्हाळे पाहून बसलंय. तरी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असतात, आणि आई तोवर झाडाला धरून उठत राहिली असती.

जोड कसा केला ते सांगते, कारण तुम्ही आल्याआल्या चष्मा लावून तेच पाहणार. जुना पाय आणि नवा तुकडा, दोन्ही अर्धे-अर्धे कापून चार इंच एकमेकांवर बसवले. सागाच्या तेलामुळे गोंद धरत नाही म्हणून आधी थिनरनं पुसून मग वॉटरप्रूफ गोंद, आणि प्रत्येक जोडाला स्टेनलेसचे दोन बोल्ट. लोखंडी खिळा एकही नाही. जुन्या खिळ्यांभोवती ते काळे डाग पडले होते ना, ती घाण नव्हे. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड मिळून ते होतात. ऑक्झॅलिक ॲसिडनं बरेच गेले. उंची वाढली की डुगडुगतं म्हणून खाली चारही बाजूंनी पट्ट्या घातल्या. बैठक आता १९ इंचांवर आहे. फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट ठेवली, पाणी साचणार नाही. समोरची कड गोल केली, आईच्या मांडीला रुतायची. पायांखाली कडप्प्याचे तुकडे.

पॉलिशबद्दल तुमचं माझं भांडण होणार. चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश, लावला नाही, पावसानं पांढरा पडतो. चमकणारं व्हार्निशही नाही. मे महिन्यात आपलं लाकूड वाळून आकसतं आणि जुलैत फुगतं, वरचा कडक थर त्याच्याबरोबर हलत नाही, तडकतो, आणि पाणी त्याच्या आत शिरून बसतं. म्हणून जवसाचं तेल, तीन हात, पहाटे सावलीत, आणि प्रत्येक हातानंतर उरलेलं कोरड्या फडक्यानं पुसून. आई, तुझ्या चटणीतलंच जवस, पण हे उकळून ड्रायर घातलेलं तेल आहे, खायचं नाही. चमक नाही. पण हात फिरवून पाहा, मग बोला.

एक लहानशी गोष्ट झाली, ती दादाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. पहिल्या दिवशी तेलाची फडकी मी गोळा करून पडवीत बादलीत टाकली आणि दार लावून घरी गेले. संध्याकाळी आले तर जळका वास. फडक्यांच्या गोळ्यातून धूर निघत होता. काडी नाही, उदबत्ती नाही, काही नाही. हे तेल वाळताना स्वतःच तापतं, आणि फडकी गुंडाळलेली असली की ती उष्णता बाहेर जात नाही. पाणी ओतलं, संपलं. बादलीला भोक पडलं आहे, ती हिरवी, आई, जिला तसाही कडी नव्हती. बाकी काहीही झालं नाही. पण बाबा, पुढे कधी तेल लावाल तर फडकं दोरीवर पसरून वाळवायचं किंवा पाण्यात बुडवायचं. गुंडाळून ठेवायचं नाही. तुमच्या त्या खालच्या कप्प्यात तर मुळीच नाही, जिथे थिनरची बाटली असते. ती मी काढून ठेवली आहे. विचारू नका कुठे.

आणखी सांगून ठेवते. आईनं पहिले पंधरा दिवस कोणी शेजारी असल्याशिवाय बाकड्यावर बसायचं नाही, उंच झालं म्हणून हुरळून जायचं नाही. बाबा, अकरा ते पाच बाहेर बसणं बंद, "सावली आहे" हे कारण चालणार नाही. बाकड्यावर नळी धरायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. वर्षातून एकदा दिवाळीनंतर तेलाचा एक हात, तो मी मारीन. आणि कृपा करून उरलेला चॉकलेटी डबा उघडू नका. तो वाळला आहे. खरंच वाळला आहे, मी पाहिलं.

एका ठिकाणी मी पेपर मारू दिला नाही. बैठकीच्या खालच्या बाजूला, मधल्या फळीवर तुमची पेन्सिल आहे. "दसरा १९९४", आणि त्याखाली हिशेब. फळ्या, खिळे, रिक्षा. बेरीज एकदा चुकली म्हणून खोडलेली. आणि कोपऱ्यात एक हात, बोटं पसरून गिरवलेला, लहान. दादा म्हणतो त्याचा. मी माझा हात लावून पाहिला, करंगळी वाकडी आहे. माझाच आहे. त्या फळीला खालून तेलही लावलं नाही, शिसपेन्सिल पुसट होईल म्हणून.

शेवटचं. बाकड्याला टेकायचा उजवा हात बसवला आहे, डावा अजून नाही. मिस्त्री म्हणाले, माणूस बसल्याशिवाय हाताची उंची घेऊ नये. आई बसेल, तिचं कोपर कुठे येतं त्याची खूण तुम्ही करा. भोकं मिस्त्री पाडतील, पटाशीही तेच चालवतील, तुमचा हात हल्ली दुपारनंतर थकतो म्हणून. पण माप तुमचंच. हाताची पट्टी पडवीत भिंतीला उभी आहे, त्याच चौकटीतली. पेन्सिल तिथेच ठेवली आहे, टोक करून.

मृगाच्या आधी याच. गाडी कोणती आणि डबा कोणता ते दादाला कळवायला सांगा, मी स्टेशनवर येते. आई, सामान उचलायचं नाही.

तुमची,
धाकटी